चोंदलेले नाक : एका सामान्य व्याधीच्या आकलनाचा व उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच प्लेग, पटकी, देवी, क्षय अशा रोगांकडे जाते. या रोगांनी गावे ओस पाडली, राज्यकर्त्यांना कायदे करावयास लावले आणि कागदपत्रांचे मोठे भांडार मागे ठेवले. ज्या व्याधीने माणूस मरत नाही, मात्र वर्षानुवर्षे त्याची झोप, वास, चव आणि काम करण्याची उमेद कमी कमी होत जाते, तिच्या वाट्याला इतिहासकार क्वचितच येतो. सतत चोंदलेले नाक ही अशीच एक व्याधी होय. खडूच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या प्राध्यापकवर्गाला तिचा वेगळा परिचय करून देण्याची गरज नाही.

मराठी बोलीत या व्याधीची दोन लोकप्रिय निदाने प्रचलित आहेत. एक, ‘नाकाचे हाड वाढले आहे’. आणि दुसरे, ‘सायनस झाला आहे’. दोन्ही निदाने शब्दशः पाहता चुकीची आहेत. पहिल्या प्रकारात बहुधा कोणतेही हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधील पडदा एका बाजूस झुकलेला असतो किंवा आतील वळकट्यांवरचे आवरण सुजलेले असते. दुसऱ्या प्रकारात चेहऱ्याच्या हाडांमधील, प्रत्येक निरोगी माणसाला असणाऱ्या पोकळीचे नावच रोगाला चिकटले आहे. तथापि या चुकांना हसण्याचे कारण नाही. नाक चोंदते म्हणजे आत नेमके काय होते, या प्रश्नावर विद्वानांनीही दोन हजार वर्षे अशाच, किंबहुना याहून महागात पडलेल्या चुका केल्या आहेत.

या प्रश्नाला इतिहासात मुख्यतः तीन उत्तरे मिळाली. नाक स्रावाने भरते, हे पहिले. नाकाचे अस्तर सुजते, हे दुसरे. मार्गात काहीतरी आडवे येते, हे तिसरे. चौथे उत्तर बरेच उशिरा आले : मार्ग मोकळा असूनही रुग्णाला तो बंद वाटू शकतो. प्रत्येक उत्तरातून वेगळा उपचार निघतो. स्राव काढावयाचा, सूज उतरवावयाची, अडथळा कापावयाचा. एका उत्तरासाठी सांगितलेला उपचार दुसऱ्याच कारणाने चोंदलेल्या नाकावर केला की काय घडते, हे प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तपासले आहे.

नासानाह आणि परिस्राव

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बावीस ते चोवीस हे तीन अध्याय नाकाच्या रोगांना वाहिलेले आहेत. तेथे नाकाचे एकूण ३१ रोग मोजले आहेत : अकरा स्वतंत्र रोग, चार प्रकारचे अर्श, चार प्रकारचे शोफ, सात प्रकारची अर्बुदे आणि पाच प्रकारचे प्रतिश्याय. या यादीत ‘नासापरिस्राव’ आणि ‘नासानाह’ (प्रतीनाह असेही त्याचे नाव आढळते) हे दोन वेगळे रोग म्हणून नोंदलेले आहेत, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. वाहणे हा एक विकार, तर बंद होणे हा दुसरा. कफाने वेढलेला उदानवायू आपल्या मार्गात विकृत होऊन राहतो आणि नाक जणू झाकून टाकतो, असे नासानाहाचे स्पष्टीकरण दिलेले आहे. ‘आनाह’ हा शब्द पोट फुगून बंद होण्यासाठीही वापरला जातो. म्हणजेच या संकल्पनेत पाणी साचण्यापेक्षा कोंडण्याचा आणि फुगण्याचा भाव अधिक आहे.

‘दुष्ट प्रतिश्याया’चे वर्णन तर आजच्या कोणत्याही नाक-कान-घसा तज्ज्ञाने आपल्या नोंदवहीत उतरवून घ्यावे असे आहे. नाक पुनःपुन्हा ओले होते आणि पुनःपुन्हा कोरडे पडते. कधी बंद होते, कधी उघडते. श्वासाला दुर्गंधी येते आणि रुग्णाला वास कळत नाही. हा विकार कष्टसाध्य मानला आहे. कोणत्याही प्रतिश्यायाची वेळीच दखल घेतली नाही तर तो या अवस्थेस पोहोचतो, आणि पुढे बहिरेपणा, डोळ्यांचे विकार, खोकला इत्यादी उपद्रव संभवतात, असेही तेथे सांगितले आहे. नाकाच्या दीर्घ विकाराचा कानाशी असलेला हा संबंध युरोपीय वैद्यकात ठामपणे प्रस्थापित व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

उपचारांत स्नेहन, स्वेदन, धूम, नस्य यांचा समावेश आहे. नाक हे मस्तकाचे द्वार आहे, या भूमिकेतून नस्याला आयुर्वेदात मोठे स्थान मिळाले. चरकाने सूत्रस्थानात वर्णिलेले अणुतैल आजही वापरात आहे. नासार्शावर औषध पुरे पडले नाही तर क्षार, अग्नी आणि शस्त्र हे मार्ग खुले होते. वाग्भटाने नाकातील अर्श व अर्बुदे पाहण्यासाठी दोन अंगुळे लांब, तर्जनीच्या जाडीची आणि एकच छिद्र असलेली नळी सांगितली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या परंपरेचे खरे मोल ‘आम्हाला सर्व आधीच ठाऊक होते’ अशा अभिमानात नसून वाहणे आणि बंद होणे यांत तिने केलेल्या भेदात आहे. हा भेद पुढे, आणि केवळ युरोपातच नव्हे, वारंवार विसरला गेला.

मेंदूतून उतरणारा कफ

ग्रीक वैद्यकात नाकाचा स्राव मेंदूतून उतरतो असे मानले जाई. ‘कॅटार’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘खाली वाहणे’ असा आहे. मेंदू हे थंड व ओलसर इंद्रिय. त्यात कफ तयार होतो आणि नाकाच्या छपराशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून गाळून तो नाकात येतो, अशी ही उपपत्ती गेलनच्या अधिकाराने सुमारे दीड हजार वर्षे टिकली. १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्हेसेलियससारख्या चिकित्सक शरीरशास्त्रज्ञानेही मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे वर्णन मेंदूचा कफ ग्रहण करणारी ग्रंथी असेच केले. ‘पिट्युइटा’ म्हणजे लॅटिनमध्ये कफ. पिट्युइटरी ग्रंथीच्या नावात ती चूक आजही जिवंत आहे. मराठी परिभाषाकारांनी तिला ‘पीयूषिका’ म्हणून शेंबडाऐवजी अमृताशी नाते जोडले, हा योगायोग मोठा गमतीदार म्हटला पाहिजे.

ही उपपत्ती निरुपद्रवी नव्हती. चोंदलेले नाक म्हणजे मेंदूतील मळाचा तुंबलेला निचरा असे एकदा मानले की तो निचरा वाढविणे हेच वैद्याचे कर्तव्य ठरते. शिंका आणणारी चूर्णे, रेचके, वमन, रक्तमोक्षण, डाग देणे हे सर्व त्यातून ओघानेच आले. तंबाखू युरोपात पोहोचल्यावर तपकिरीलाही काही काळ याच तर्काने औषधाचा दर्जा लाभला.

विटेनबर्ग येथील प्राध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर याने या कल्पनेचा पाया काढून घेतला. १६५५ मध्ये त्याने चाळणीच्या हाडावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १६६० पासून पडशावरील विस्तृत ग्रंथाचे खंड प्रसिद्ध केले. जिवंत अवस्थेत या हाडाची छिद्रे मज्जातंतू व आवरणांनी भरलेली असतात, त्यांतून द्रव उतरण्यास वाट नाही. नाकाचा स्राव नाकाच्या अस्तरातच तयार होतो, हे त्याचे प्रतिपादन होते. १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर यानेही असाच निष्कर्ष मांडला. नाकाच्या अस्तराला वैद्यकीय ग्रंथांत अजूनही श्नायडरचे नाव आहे. मात्र उपपत्ती कोसळली तरी तिच्यावर उभे असलेले उपचार लगेच कोसळत नाहीत. शिंका आणणारी चूर्णे पुढेही दीर्घकाळ विकली जात राहिली.

फुगणारे अस्तर

स्राव अस्तरातून येतो हे कळले, तरी अस्तर स्वतःच जागा व्यापू शकते हे कळावयास आणखी दोन शतके लागली. १८५३ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ कोलरॉश याने नाकातील वळकट्यांच्या (वैद्यकाच्या भाषेत टर्बिनेटांच्या) अस्तराखाली शिरांचे दाट जाळे असल्याचे दाखविले. १८७५ मध्ये बोस्टनच्या हेन्री बिगेलो याने या जाळ्याची रचना रक्ताने भरून फुगणाऱ्या ऊतीसारखी असल्याचे सांगितले. येथे ‘नाक चोंदणे’ या शब्दाचा अर्थच बदलला. नाकात काहीही साचलेले नसताना, केवळ शिरांत रक्त भरल्याने ते बंद होऊ शकते. अशा माणसाने कितीही नाक शिंकरले तरी त्यातून काही निघणार नाही, आणि जोराने शिंकरल्यास सूज वाढण्याचीच शक्यता अधिक.

१८९५ मध्ये ब्रेस्लाउच्या रिचर्ड कायझर याने आणखी एक गोष्ट नोंदविली. निरोगी माणसाच्या दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तासांच्या अंतराने एका बाजूचे अस्तर फुगते, दुसऱ्या बाजूचे ओसरते, आणि मग क्रम उलटतो. भारतीय वाचकाला हे नवीन वाटणार नाही. इडा-पिंगला, चंद्रस्वर-सूर्यस्वर यांचे आळीपाळीने वाहणे हा स्वरोदयशास्त्राचा मूळ सिद्धान्त. शिवस्वरोदयात त्यासाठी अडीच घटिकांचा, म्हणजे एका तासाचा, काल दिला आहे. प्रत्यक्ष मोजणीत हा काल माणसागणिक बदलतो आणि सहसा त्याहून दीर्घ आढळतो. निरीक्षण खरे होते. त्यावरून प्रवासाचे व युद्धाचे मुहूर्त काढणे हा भाग वेगळा. व्यवहारात या ज्ञानाचा उपयोग असा की, कधी उजवी तर कधी डावी बाजू बंद होते अशी तक्रार असेल तर हाडाला दोष देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. हाड बाजू बदलत नाही. उलट, कायम एकाच बाजूचे नाक बंद राहणे आणि त्यासोबत रक्त येणे या लक्षणांची तपासणी लांबणीवर टाकू नये.

अस्तर का फुगते याचेही एक मोठे उत्तर याच शतकात मिळाले. १८१९ मध्ये लंडनच्या वैद्यकीय संस्थेपुढे जॉन बॉस्टॉक याने दर उन्हाळ्यात डोळे, नाक व छातीला होणाऱ्या एका विकाराचे प्रकरण वाचले. तो रुग्ण म्हणजे तो स्वतःच होता. १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने, तोही स्वतः रुग्णच, हा विकार गवताच्या परागकणांमुळे होतो हे प्रयोगांनी सिद्ध केले. उंच हवेतील परागकण पकडण्यासाठी त्याने पतंग उडविले होते. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये फॉन पिर्के याने घडविला.

मुलाचे उघडे तोंड

१८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर याच्याकडे कमी ऐकू येणारी, तोंडाने श्वास घेणारी आणि बोलणे अस्पष्ट झालेली एक तरुणी आली. आरशाच्या साहाय्याने नीट दिसेना, तेव्हा त्याने टाळूमागे बोट घालून पाहिले आणि नाकाच्या मागील भागात मऊ वाढ त्याच्या बोटाला लागली. पुढे त्याने शाळांतील मुलांची तपासणी करून हा विकार किती व्यापक आहे हे दाखविले. या वाढीला आपण आज अ‍ॅडिनॉइड म्हणतो. ‘मंद’, ‘आळशी’, ‘सदा तोंड उघडे ठेवणारा’ अशी ज्या मुलांची गणना होत होती, त्यांतील काहींना नीट ऐकूच येत नव्हते आणि रात्रीची पुरेशी झोप मिळत नव्हती, हे यातून पुढे आले. शिक्षणाच्या इतिहासात या शोधाची नोंद व्हावयास हवी होती. कोपनहेगनमध्ये १८९८ साली मेयरचे स्मारक उभारले गेले.

शोध खरा होता. त्याचा वापर मात्र लवकरच अतिरेकाला गेला. जून १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, रशियातील अत्याचारांतून जीव वाचवून आलेल्या ज्यू कुटुंबांच्या वस्तीत, शाळेतच मुलांच्या अ‍ॅडिनॉइडच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मुले रक्ताने माखलेली घरी आली. डॉक्टर मुलांचे गळे कापत आहेत अशी अफवा पसरली आणि हजारो माता शाळांवर चालून गेल्या. दारेखिडक्यांची मोडतोड झाली, पोलिसांना पाचारण करावे लागले. तत्कालीन वृत्तपत्रांनी या स्त्रियांना अडाणी ठरविले. किशिनेव्हच्या १९०३ च्या हत्याकांडाची आठवण ताजी असलेल्या आयांना, परक्या भाषेतील चिठ्ठीने मिळविलेली संमती ही संमती वाटली नाही, यात अडाणीपणा कोणता, हे त्या वृत्तपत्रांनी विचारले नाही. शालेय आरोग्य तपासणीच्या इतिहासात या प्रसंगाला तळटीपेपेक्षा अधिक जागा मिळावी असे वाटते.

शस्त्राचा मोह

मार्गात आडवे आले ते कापावे, हे तर्कशास्त्र प्राचीन आहे. नाकातील मऊ कोंब काढण्यासाठी स्पंजाचे तुकडे दोऱ्याला बांधून नाकातून घशाकडे ओढून घेण्याची युक्ती हिपॉक्रेटीसच्या नावावरील ग्रंथांत आहे. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनचा बधिरीकरणासाठी उपयोग दाखविला आणि नाकाची शस्त्रक्रिया एकाएकी सुसह्य झाली. त्याच कोकेनने अस्तर क्षणार्धात आकसते हेही दिसून आले. पडद्याचे वाकलेले कूर्चा-हाड अस्तर शाबूत ठेवून काढण्याची पद्धत शिकागोच्या फ्रीअर याने १९०२ मध्ये आणि फ्रायबुर्गच्या किलियान याने १९०४ मध्ये मांडली. पुढे शतकाच्या मध्यास कॉटल याने कूर्चा शक्य तितकी राखून पडदा सरळ करण्याचा आग्रह धरला. आजची शस्त्रक्रिया त्याच दिशेची आहे.

सोयीचे झालेले शस्त्र नको तेथेही चालते. बर्लिनचा विल्हेल्म फ्लीस नाकातील विशिष्ट जागांचा संबंध पोटदुखीशी आणि मासिक पाळीच्या त्रासाशी जोडत असे. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्याने सिग्मंड फ्रॉइडच्या एम्मा एक्स्टाइन या रुग्णेच्या नाकातील वळकटीचे हाड काढले. नंतर तिला दुर्गंधीयुक्त स्राव व रक्तस्राव सुरू झाला. व्हिएन्नातील दुसऱ्या वैद्याने तपासताना आत राहून गेलेली सुमारे अर्धा मीटर लांबीची जाळीदार पट्टी बाहेर ओढली, तेव्हा ती मरता मरता वाचली. तिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला. फ्रॉइड आरंभी अस्वस्थ झाला. पुढे मात्र त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रांत तिच्या रक्तस्रावाचे कारण तिच्याच मनात शोधले. ती पत्रे १९८५ मध्ये संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली.

वळकट्या समूळ काढण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अधूनमधून डोके वर काढीत राहिली. जागा मोकळी झाली की श्वास मोकळा होणार, हा तिच्यामागील साधा हिशेब. परंतु वळकट्या हवेला ऊब व ओलावा देतात, तिला वळण लावतात. त्या पूर्ण गेल्यावर काही रुग्णांचे नाक आरपार मोकळे दिसते, आणि तरीही ते ‘श्वास मिळत नाही’ म्हणून तळमळतात. १९९४ मध्ये केर्न व स्टेनक्विस्ट यांनी या अवस्थेला ‘रिकामे नाक’ असे नाव दिले. आपल्याकडे शस्त्रक्रियेविनाही दिसणारा असाच एक जुना विकार आहे. त्यात अस्तर झिजते, नाक रुंद होते, आत दुर्गंधीयुक्त खपल्या साचतात आणि रुग्णाला नाक बंदच वाटते. हलाखीत राहणाऱ्यांच्या नाकात माशी अंडी घालते व किडे पडतात. सुश्रुताने वर्णिलेले नाकातील कृमी येथे आठवावेत. या विकारावर १९६७ मध्ये ऑस्टिन यंग याने सुचविलेला उपाय विलक्षण होता : नाकपुड्या काही काळासाठी शिवून बंद करणे. बंद वाटणाऱ्या नाकावर नाक बंद करण्याचा हा उपचार अनेक रुग्णांना लागू पडला, कारण कोरड्या हवेपासून सुटका होताच अस्तराला सावरण्यास वेळ मिळाला.

थेंब आणि गोळ्या

रक्तवाहिन्या आकसविल्या की नाक उघडते, हे कोकेनने दाखवून दिले होते. कोकेनमिश्रित चूर्णे अमेरिकेत पडशाचे औषध म्हणून खुलेआम विकली जात. १९०६ च्या अन्न व औषध कायद्याने अशा पदार्थांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले, तेव्हा अनेकांना आपण काय ओढीत होतो ते कळले. त्यानंतर एफेड्रिन आले. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई याने १८८५ मध्ये मा-हुआंग या चिनी वनस्पतीतून ते वेगळे केले होते; १९२४ मध्ये पेकिंग येथे चेन व श्मिट यांनी त्याचे गुणधर्म अभ्यासून ते जगापुढे आणले. हिमालयात उगवणाऱ्या याच कुळातील वनस्पतींचा अभ्यास कलकत्त्यात रामनाथ चोप्रा यांनी केला. १९३० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅम्फेटामिन भरलेल्या हुंगण्याच्या नळ्या बाजारात आल्या. नळी फोडून आतील कागद गिळला की झोप उडते, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आले, आणि नाकाचे औषध नशेचे साधन बनले.

अधिक चिवट सापळा मात्र थेंबांचा होता. थेंब टाकताच नाक उघडते; काही तासांनी पूर्वीपेक्षा अधिक चोंदते; पुन्हा थेंब. औषधाच्या अशा वापरानेच नाक कायम बंद होऊ शकते, हे १९३१ मध्ये फॉक्स याने नोंदविले आणि १९४६ मध्ये लेक याने त्याला ‘औषधजन्य नासाशोथ’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. त्यानंतर, म्हणजे धोका ठाऊक असताना, १९६० च्या आसपास अधिक दीर्घकाळ टिकणारी झायलोमेटाझोलीन व ऑक्सिमेटाझोलीन ही औषधे आली आणि घरोघरी पोहोचली. सलग काही दिवसांपलीकडे ती वापरू नयेत ही सूचना बाटलीवर असते, पण ती इतक्या बारीक अक्षरांत की चाळिशी लागलेल्या माणसाला वाचता येऊ नये. ज्यांच्या उशाशी अशी बाटली वर्षानुवर्षे असते त्यांना आपला रोग जुनाट वाटतो. वस्तुतः तो बाटलीतून रोज नव्याने येत असतो. उपाय सोपा नसला तरी निश्चित आहे : थेंब थांबविणे, आणि मधले कठीण दिवस वैद्याच्या सल्ल्याने स्टेरॉइडच्या फवाऱ्यावर काढणे.

गोळ्यांची कथा याहून निराळी. फेनिलप्रोपॅनोलामाइन या औषधाचा मेंदूतील रक्तस्रावाशी संबंध दिसल्यावर २००० मध्ये ते अमेरिकेतील बाजारातून हटविण्यात आले. स्यूडोएफेड्रिनपासून नशेचा पदार्थ तयार होऊ लागल्याने तेथे त्याच्या विक्रीवर बंधने आली. दोघांची जागा फेनिलेफ्रिनने घेतली. हे औषध नाकात थेट टाकल्यास काम करते. गोळीवाटे घेतल्यास त्याचा बहुतांश भाग आतड्याच्या भित्तीतच निकामी होतो. फ्लोरिडा विद्यापीठातील हेंडेलेस व हॅटन यांनी २००७ पासून ही बाब औषध प्रशासनापुढे मांडली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या प्रशासनाच्या सल्लागार समितीने गोळीरूप फेनिलेफ्रिन नाक मोकळे करण्यास निरुपयोगी असल्याचे एकमताने सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मान्यताप्राप्त घटकांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला गेला. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश देण्यात आले. कोट्यवधी लोकांनी अनेक वर्षे ज्या घटकासाठी पैसे मोजले, तो पोटात गेल्यावर नाकासाठी काहीच करीत नव्हता.

येथेही वाहणे व बंद होणे यांतील गल्लत दिसते. १९३७ मध्ये बोव्हे याच्या संशोधनातून सुरू झालेली हिस्टामिनविरोधी औषधे शिंका, खाज व पाणी गळणे यांवर उत्तम काम करतात. चोंदण्यावर त्यांचा प्रभाव अल्प असतो. परिस्रावाचे औषध नासानाहाला लागू पडत नाही.

वाटणे आणि असणे

ओव्याची पुरचुंडी, निलगिरीचे तेल, पुदिन्याचा वाफारा, बाम. यांनी नाक उघडल्याचा अनुभव कोणाला नाही? (अमृतांजन हा सर्वपरिचित बाम १८९३ मध्ये मुंबईतच जन्मला.) १९८३ मध्ये कार्डिफच्या एक्लिस व जोन्स यांनी मेन्थॉल हुंगण्यापूर्वी व नंतर नाकातील हवेचा विरोध मोजला. हवेच्या मार्गात फरक पडला नव्हता. हवा अधिक मिळते असे मात्र वाटत होते. २००२ मध्ये थंडावा व मेन्थॉल या दोहोंनी उद्दीपित होणारे ग्राहक-प्रथिन ओळखले गेले. त्या शोधात सहभागी असलेले डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पटापुटियन हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. श्वास मोकळा असल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः आत जाणाऱ्या हवेच्या थंडाव्यावरून होते, हे आता स्पष्ट झाले आहे. रिकाम्या नाकाच्या रुग्णाची तळमळ, जी कित्येक वर्षे मनाचा खेळ म्हणून झटकली गेली, तिचाही काही उलगडा यातून होतो.

आजचे उपचार संक्षेपाने सांगता येतील. अ‍ॅलर्जीजन्य सूज व नाकातील कोंब यांसाठी फवाऱ्यातून दिले जाणारे स्टेरॉइड हा पहिला उपाय आहे. डेन्मार्कच्या मिगिन्ड याने १९७३ मध्ये अशा फवाऱ्याचा परिणाम प्रसिद्ध केला. हा फवारा रोज, आठवडेच्या आठवडे वापरावा लागतो. थेंबासारखा तो पाच मिनिटांत नाक उघडीत नाही, म्हणूनच रुग्ण तो लवकर सोडतात. ग्रात्स येथील मेसरक्लिंगर याने दुर्बिणीतून दाखविले की सायनसमधील स्राव सूक्ष्म लवेच्या हालचालीने नेहमी नैसर्गिक मुखाकडेच जातो. दुसरीकडे भोक पाडून उपयोग नाही. १९८० च्या दशकात स्टामबर्गर व केनेडी यांनी त्यावर आधारित दुर्बिणीची शस्त्रक्रिया रूढ केली. हट्टी कोंबांसाठी २०१९ पासून डुपिलुमॅब हे इंजेक्शन उपलब्ध झाले असले तरी त्याची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरची आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे ही सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त क्रिया. हठयोगातील षट्कर्मांत नेती येते; लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९२४ पासून अशा क्रियांना अभ्यासाचा विषय बनविले. पाणी मात्र उकळून गार केलेले असावे. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे पाणी तसेच वापरून नाक धुणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला.

पुण्याचे वाळू-मजूर

शेवटी महाराष्ट्रातील एका प्रकरणाकडे वळू. नाकात स्ट्रॉबेरीसारखा लाल, ठिपकेदार, सहज रक्त येणारा कोंब वाढतो आणि ती बाजू बंद करतो, असा एक रोग १९०० मध्ये अर्जेंटिनात सेबेर याने वर्णिला. जगातील त्याचे बहुसंख्य रुग्ण मात्र भारत व श्रीलंकेत आढळतात. ऱ्हायनोस्पोरिडिओसिस हे त्याचे नाव. १९३३ मध्ये नोरोन्हा यांनी पुण्यातील वाळू काढणाऱ्या मजुरांमध्ये या रोगाच्या प्रादुर्भावाची प्राथमिक नोंद प्रसिद्ध केली. त्यापाठोपाठ १९३७ मध्ये मंडलिक यांनी अशा कोंबांची प्रकरणे मांडून संसर्गाच्या मार्गाविषयी निरीक्षणे दिली. नदीत उतरून, पाण्यात डोके घालून वाळू उपसणारा मजूर आणि त्याच्या नाकातील कोंब यांचा संबंध अशा रीतीने वैद्यकीय साहित्यात आला. शहराच्या इमारतींना लागणाऱ्या वाळूच्या इतिहासात नाकाचा हा हिशेब कोणी मांडलेला नाही.

रोगजंतूची ओळख दीर्घकाळ वादग्रस्त राहिली. आरंभी तो आदिजीव समजला गेला. १९२३ मध्ये अ‍ॅशवर्थ याने त्याचे जीवनचक्र वर्णून त्याला बुरशींत स्थान दिले. १९९९ मध्ये जनुकीय तपासणीवरून तो जलचर प्राण्यांना ग्रासणाऱ्या एका वेगळ्याच सूक्ष्मजीवगटातील असल्याचे दिसून आले. त्या गटातील त्याचे नातलग माशांना ग्रासतात, यावरून पाण्याशी असलेला त्याचा संबंध अधिकच दृढ होतो. थेंब, गोळ्या, फवारे यांपैकी कशाचाही या कोंबावर परिणाम होत नाही. तो मुळासकट काढून बुंधा विद्युत्-दाहाने जाळावा लागतो. एवढे करूनही तो पुन्हा उगवतो, आणि मजूरही पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. म्हणून एका बाजूचे नाक बंद आणि त्यातून रक्त, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला धुळीविषयी विचारण्याआधी, आपण कोणत्या नदीत, ओढ्यात वा तळ्यात उतरता, हे विचारण्याचा प्रघात आपल्याकडील जुन्या शल्यचिकित्सकांत पडला.